आकाशगंगेतील रोम

चित्रपटगृहातील दिवे मंदावतात आणि पडद्यावर काळेभोर आकाश पसरते. त्यात तारे लुकलुकू लागतात. इतक्यात वरच्या कडेने एक लहानसे यान जिवाच्या आकांताने पळत येते आणि त्याच्या पाठोपाठ दुसरे यान प्रवेश करते. हे दुसरे यान इतके प्रचंड आहे की, त्याचे पोट पडद्यावरून सरकता सरकता संपतच नाही. २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रथम दाखविण्यात आलेल्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाचा हा आरंभ होय. ज्यांनी तो त्या दिवसांत पाहिला, त्यांचे डोळे दिपून गेले. परंतु थोड्याच वेळाने त्याच चित्रपटात काही लष्करी अधिकारी एका मेजाभोवती बसतात आणि त्यांचा प्रमुख टार्किन त्यांना एक वार्ता देतो. सम्राटाने सिनेट कायमची बरखास्त केली आहे. जुन्या प्रजासत्ताकाचा उरलासुरला अंशही नाहीसा झाला आहे. यापुढे प्रांतांवर सुभेदारांचीच थेट सत्ता चालेल. सम्राट, सिनेट, प्रजासत्ताक, प्रांत, सुभेदार! याने ताऱ्यांतून धावणारी, पण हे शब्द मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोम नगरीतले.

अंतराळयाने दिसली की प्रेक्षक ती कथा भविष्यकाळाची समजतात. या चित्रपटाच्या प्रारंभीची अक्षरे मात्र ही कथा फार पूर्वी, दूरच्या एका आकाशगंगेत घडल्याचे सांगतात. आपली सामग्री कोठून आणली आहे, याची दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांनी दिलेली ही कबुलीच होय, असे म्हणावयास हरकत नाही.

प्राचीन साम्राज्ये ताऱ्यांत नेऊन बसविण्याची ही कल्पना लुकस यांच्याही आधीची आहे. तिचा माग काढीत गेल्यास आरंभ रोममध्येच, तेथील भग्न अवशेषांत सापडतो. १५ ऑक्टोबर १७६४ रोजी एडवर्ड गिबन नावाचा एक तरुण इंग्रज रोमच्या कॅपिटोल टेकडीवर बसला होता. सायंकाळची वेळ होती. जेथे एके काळी विजयी सेनापती ज्युपिटर देवाला नैवेद्य वाहावयास येत, तेथे आता अनवाणी संन्यासी सायंप्रार्थना गात होते. एवढे मोठे साम्राज्य गेले तरी कसे, हा प्रश्न त्याच्या मनात रुजला तो त्या वेळी. पुढे १७७६ ते १७८८ या काळात त्याने रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास सहा खंडांत प्रसिद्ध केला.

त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १ ऑगस्ट १९४१ रोजी, आयझॅक असिमॉव्ह हा २१ वर्षांचा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून एका मासिकाच्या संपादकाकडे निघाला होता. त्याला नवी कथा हवी होती आणि विषय सुचत नव्हता. हातातील नाटकांच्या पुस्तकात एक चित्र दिसले. त्यावरून त्याला सैनिक आठवले, सैनिकांवरून लष्करी साम्राज्ये आणि साम्राज्यांवरून गिबनचा ग्रंथ. रोमचे पतन आकाशगंगेत घडले तर? रेल्वेतून उतरेपर्यंत कथेची रूपरेषा तयार होती. मे १९४२ पासून त्या कथा मासिकात येऊ लागल्या आणि पुढे ‘फाउंडेशन’ या नावाने पुस्तकरूप झाल्या. असिमॉव्हच्या साम्राज्याची राजधानी ट्रँटॉर म्हणजे एक संपूर्ण ग्रहच आहे. त्याच्या पृष्ठभागावर मोकळी जमीन जवळजवळ उरलेली नाही. सगळीकडे शहरच शहर. त्याची लोकसंख्या ४००० कोटींहून अधिक असून त्यांच्या अन्नासाठी २० शेतीप्रधान ग्रहांवरून दररोज यानांचे तांडे येतात. ही कल्पना विलक्षण वाटली, तरी तिचे मूळ साधे आहे. सम्राट ऑगस्टसच्या काळी रोमची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली होती आणि त्या लोकांचे पोट इजिप्तच्या व उत्तर आफ्रिकेच्या गव्हावर भरत असे. गव्हाची जहाजे यावयास उशीर झाला की, राजधानी अस्वस्थ होई. असिमॉव्हने जहाजांच्या जागी याने घातली, इतकेच. ‘स्टार वॉर्स’मधील कोरसांट हा राजधानीचा ग्रहही असाच ध्रुवापासून ध्रुवापर्यंत शहराने झाकलेला आहे. तो पाहताना ट्रँटॉरची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पण शहरे, जहाजे आणि पदव्या या बाहेरच्या गोष्टी झाल्या. या चित्रपटांनी रोमकडून जी खरी वस्तू घेतली, ती म्हणजे एक प्रश्न. ज्या लोकांनी राजाला एकदा हाकलून दिले, तेच लोक पुन्हा एका माणसाच्या हाती सर्व सत्ता कशी देतात? हा प्रश्न समजण्यासाठी रोमच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

रोमन लोकांच्या परंपरेप्रमाणे त्यांनी इ. स. पूर्वी ५०९ मध्ये आपल्या अखेरच्या राजाला घालवून दिले. पुन्हा कोणी राजा होऊ नये, म्हणून त्यांनी मोठी खबरदारी घेतली. राज्याचे प्रमुख एक नव्हे, दोन. त्यांना कॉन्सल म्हणत. दोघांची मुदत एकच वर्ष, आणि एकाने दिलेला हुकूम दुसऱ्याला अडविता येई. परंतु शत्रू वेशीवर आला असता दोघांनी वाद घालीत बसणे परवडणारे नव्हते. अशा संकटासाठी डिक्टेटर नावाचा एक अधिकारी नेमण्याची तरतूद होती. त्याच्या हाती जवळजवळ संपूर्ण सत्ता येई, मात्र फार तर सहा महिन्यांपुरती.

या पदाची एक कथा रोमन मुलांना लहानपणापासून सांगितली जात असे. इ. स. पूर्वी ४५८ मध्ये एका कॉन्सलच्या सैन्याला शत्रूने डोंगराळ मुलखात कोंडीत धरले. सिनेटने सिन्सिनाटस या वृद्ध सरदाराला डिक्टेटर नेमले. त्याला ही वार्ता द्यावयास दूत गेले, तेव्हा तो टायबर नदीच्या पलीकडे आपल्या लहानशा शेतात राबत होता. त्याने अंगावरची धूळ व घाम पुसला, पत्नीकडून टोगा नावाचे सभ्य वस्त्र मागवून घेतले आणि मगच सिनेटचा निरोप ऐकला. त्याने सैन्य उभारले, शत्रूचा पराभव केला आणि सोळाव्या दिवशी पदाचा राजीनामा देऊन तो पुन्हा शेताकडे गेला. सहा महिन्यांची सत्ता हाती असता सोळा दिवसांत ती परत करणारा हा पुरुष पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे आदर्श मानला गेला. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर १७८३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने सेनापतिपद सोडले, तेव्हा लोकांनी त्याची तुलना सिन्सिनाटसशीच केली. अमेरिकेतील सिनसिनाटी या शहराच्या नावातही तेच नाव दडले आहे.

ही कथा जशीच्या तशी घडली असेलच असे नाही. ती फार जुनी आहे आणि सांगता सांगता सजलेली असावी. पण एखादे राष्ट्र कोणत्या गोष्टी जपून ठेवते, यावरून त्याला कशाचे भय वाटते तेही कळते.

पुढे ते भय खरे ठरले. रोमचे राज्य वाढले, सैन्ये दूरदूरच्या मुलखांत वर्षानुवर्षे राहू लागली आणि सैनिक सिनेटपेक्षा आपल्या सेनापतीकडे पाहू लागले. कारण लूट आणि जमीन त्याच्याच हातून मिळे. इ. स. पूर्वी ८८ मध्ये सुल्ला नावाच्या सेनापतीने स्वतःच्या नगरीवरच चाल केली. काही वर्षांनी तो डिक्टेटर झाला, तेव्हा सहा महिन्यांची मर्यादा गळून पडली होती. त्याने निदान पुढे पद सोडले. ज्युलियस सीझर तर इ. स. पूर्वी ४४ मध्ये आजन्म डिक्टेटर झाला आणि त्याच वर्षी १५ मार्चला सिनेटच्या बैठकीतच त्याचा खून झाला. खून करणाऱ्यांना वाटले, माणूस गेला की सत्ता परत येईल. ती आली नाही. आले ते आणखी एक यादवी युद्ध.

त्या युद्धातून अखेर जो विजयी झाला, तो सीझरचा दत्तकपुत्र ऑक्टेव्हियन. हा मोठा विलक्षण मनुष्य होता. सीझरचा खून झाला तेव्हा त्याचे वय अवघे १८ वर्षांचे. इ. स. पूर्वी ४३ मध्ये ज्यांना ठार मारावयाचे, अशांच्या याद्या रोममध्ये जाहीरपणे लावण्यात आल्या, त्यांत त्याचाही हात होता. थोर वक्ता सिसेरो त्या यादीतच बळी पडला. आणि हाच मनुष्य इ. स. पूर्वी २७ च्या जानेवारीत सिनेटपुढे उभा राहिला व म्हणाला की, माझे सर्व अधिकार मी परत करतो. सभासदांनी ते स्वीकारले नाहीत. उलट त्यांनी त्याला राज्याचा भार वाहण्याची विनंती केली, सैन्य असलेले बहुतेक प्रांत त्याच्या स्वाधीन केले आणि ‘ऑगस्टस’ म्हणजे पूजनीय ही पदवी दिली. डिक्टेटर हे पद त्याने पुढे लोकांनी देऊ केले असताही नाकारले. तो स्वतःला केवळ पहिला नागरिक म्हणवून घेई. कॉन्सल दरवर्षी निवडले जात होते, सिनेट भरत होती, जुने विधी चालू होते. फक्त निर्णय एका माणसाच्या इच्छेने होत होते. घराघरांत टांगलेल्या दिनदर्शिकेवर जुलै हा महिना सीझरच्या व ऑगस्ट हा त्या दत्तकपुत्राच्या नावाने आजही उभा आहे.

आता पुन्हा पडद्याकडे वळावयास हरकत नाही. १९७७ च्या चित्रपटात साम्राज्य आधीच स्थापन झालेले दिसते. ते कसे आले, हे लुकस यांनी १९९९, २००२ आणि २००५ मध्ये आलेल्या तीन चित्रपटांत दाखविले. त्यांत हजारो ग्रहांचे एक प्रजासत्ताक आहे आणि त्याची सिनेट एका अतिविशाल वर्तुळाकार सभागृहात भरते. सभा मोठी, पण काम होत नाही. नाबू नावाच्या एका लहान ग्रहाची नाकेबंदी झाली असता सभासद चौकशी समितीची चर्चा करीत बसतात. या दिरंगाईला कंटाळून नाबूची तरुण राणीच सभाप्रमुखावर अविश्वासाचा ठराव आणते आणि त्या जागी पाल्पाटिन हा सौम्य, हसतमुख सभासद निवडून येतो. पुढे काही ग्रह फुटून निघण्याची भाषा करू लागतात. युद्धाच्या भीतीने सिनेट पाल्पाटिनला आणीबाणीचे अधिकार देते. संकट टळताच हे अधिकार परत करीन, असे तो जड अंतःकरणाने सांगतो. ऐकणाऱ्याला वाटावे, दुसरा सिन्सिनाटसच बोलत आहे! तिसऱ्या चित्रपटात तोच मनुष्य सुरक्षिततेच्या नावाने साम्राज्याची घोषणा करतो आणि संपूर्ण सभागृह टाळ्यांच्या कडकडाटाने दुमदुमून जाते.

या तिन्ही चित्रपटांतील लढाया पुष्कळांच्या स्मरणात आहेत. पण त्यांतील सर्वांत भीषण प्रसंग कोणता, असे विचारल्यास तो या टाळ्यांचाच म्हणावा लागेल. तेथे कोणाच्याही मानेवर तलवार नाही. २००२ मध्ये लुकस यांनी एका मुलाखतीत सांगितले होते की, लोकशाही बंडाने नष्ट होण्यापेक्षा लोक ती आपल्या हाताने एखाद्याला देऊन टाकतात. या संदर्भात त्यांनी सीझर, नेपोलियन आणि हिटलर यांची नावे घेतली होती. म्हणजे त्यांच्यासमोर केवळ रोम नव्हता. १९७७ च्या चित्रपटातील साम्राज्याच्या अधिकाऱ्यांचे गणवेश पाहिले, तर त्यांत रोमन चिलखतापेक्षा विसाव्या शतकातील जर्मन सैन्याची छाया अधिक दिसते.

याच मालिकेत एक लहानसा प्रसंग आहे, तो सहसा कोणी लक्षात घेत नाही. हिरव्यागार कुरणात अनाकिन हा तरुण त्या पूर्वीच्या राणीशी बोलत बसला आहे. राज्यकर्त्यांनी एकत्र बसून सर्वांच्या हिताचे ठरवावे, असे तो म्हणतो. आणि त्यांचे एकमत झाले नाही तर? तर कोणी शहाण्या माणसाने त्यांना ते करावयास भाग पाडावे, असे त्याचे उत्तर. ही हुकूमशाहीच झाली, असे ती म्हणते. त्यावर तो सहजपणे म्हणतो की, तिने काम होत असेल तर काय हरकत आहे? हा मुलगा मनाचा वाईट नाही. लहानपणी तो गुलाम होता, अन्याय त्याने सोसलेला आहे, म्हणूनच त्याला घाई झाली आहे. पुढे काळा मुखवटा चढवून साम्राज्याचा सर्वांत भयंकर सेवक होतो, तो हाच.

तथापि चित्रपट आणि इतिहास यांत एक मोठे अंतर आहे, ते झाकून ठेवता कामा नये. पडद्यावरील पाल्पाटिन सर्व काही आधीपासून योजून करतो. युद्धाच्या दोन्ही पक्षांना तोच गुप्तपणे चालवितो. संकटही त्याचे आणि उपायही त्याचाच. रोममध्ये असा एकच सूत्रधार नव्हता. तेथे प्रजासत्ताक मोडले ते अनेक हातांनी, आणि त्यांतील पुष्कळ हात आपण प्रजासत्ताक वाचवीत आहोत अशाच समजुतीत होते. शिवाय इ. स. पूर्वी ८८ ते ३० अशी जवळजवळ साठ वर्षे रोमन लोकांनी यादवी युद्धांचा ताप भोगला होता. घरोघरी कोणी ना कोणी मारला गेला होता. ऑगस्टसला विनंती करणारे सभासद भित्रे होते, स्वार्थीही होते. परंतु त्यांच्यापैकी कित्येकांना रात्री शांत झोप हवी होती, आणि ऑगस्टसने ती दिली, हेही खरे. कपटी म्हाताऱ्याला ओळखणे प्रेक्षकाला सोपे जाते. जो खरोखरच शांतता देतो आणि मोबदल्यात सत्ता ठेवून घेतो, त्याला काय म्हणावे, हा प्रश्न त्याहून कितीतरी अवघड आहे. चित्रपटाने तो टाळला आहे.

साम्राज्याचा शेवटही चित्रपट असाच घाईने करतो. १९८३ च्या चित्रपटात सम्राट एका खोल विवरात फेकला जातो, त्याचे अजस्र शस्त्रास्त्रकेंद्र उडते आणि जयघोष सुरू होतो. रोमचा शेवट असा एका दिवसात झाला नाही. इ. स. ४७६ मध्ये एका जर्मन सेनापतीने पश्चिमेकडील अखेरच्या सम्राटाला पदच्युत केले. तो सम्राट म्हणजे कोवळ्या वयाचा एक मुलगा होता, आणि दैवाचा खेळ असा की त्याचे नाव रोम्युलस ऑगस्ट्युलस. म्हणजे नगर स्थापन करणारा रोम्युलस आणि पहिला सम्राट ऑगस्टस, दोघेही त्या एका नावात. पूर्वेकडील साम्राज्य तर पुढे १४५३ पर्यंत टिकले. या बाबतीत असिमॉव्ह अधिक सावध होता. त्याच्या कथेत साम्राज्य आतून पोखरले गेले आहे. परंतु राजधानी झगमगत असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही, आणि जो एक गणिती ते सांगतो त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला जातो.

रोमचा वापर करणारे हे दोघेच नव्हेत. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेत १९६६ मध्ये रोम्युलन नावाची एक परग्रहवासी जात अवतरली. तिच्या ग्रहांची नावे रोम्युलस व रेमस, आणि अधिकाऱ्यांच्या पदव्या प्रीटर, सेंच्युरियन अशा. येथे मात्र नावांपलीकडे फारसे काही घेतलेले नाही. फ्रँक हर्बर्टच्या १९६५ च्या कादंबरीवर आधारलेला ‘ड्यून’ याहून खोल आहे. त्याचे अलीकडील दोन भाग २०२१ व २०२४ मध्ये पडद्यावर आले. त्यातील सम्राटाची पदवी ‘पादिशाह’ अशी आहे. शिवकाळाचा इतिहास वाचलेल्या मराठी मुलांना ती परकी वाटणार नाही. पादशहा किंवा बादशहा हा तोच फारसी शब्द होय. या कथेतील एका वाळवंटी ग्रहावर एक दुर्मिळ मसाला मिळतो, त्याच्यावाचून ताऱ्यांमधील प्रवास अशक्य असतो, आणि त्यापायी सरदारांची घराणी त्या ग्रहावर तुटून पडतात. येथे रोमपेक्षा मध्यपूर्वेतील साम्राज्यांची आणि मिऱ्यांसाठी समुद्र ओलांडणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्यांची आठवण अधिक होते. त्या ग्रहावर जे लोक मुळात राहतात, त्यांना काय वाटते, हेही ही कथा विचारते. ‘स्टार वॉर्स’मध्ये त्या बाजूला जागा थोडी.

‘स्टार वॉर्स’मधील वाळवंटी ग्रहाचे नाव टॅटूईन. १९९९ च्या चित्रपटात तेथे यानांची एक शर्यत होते आणि प्रचंड प्रेक्षागारात बसलेले लोक आरडाओरडा करीत ती पाहतात. १९५९ च्या ‘बेन-हर’ या चित्रपटातील रोमन रथांची शर्यत ज्याने पाहिली आहे, त्याला ही शर्यत कोठून आली हे सांगावे लागत नाही. या ग्रहाचे चित्रण उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशिया या देशात झाले. ग्रहाचे नावही तेथील तातावीन या गावावरूनच सुचले. ज्या कार्थेज नगरीचा रोमने इ. स. पूर्वी १४६ मध्ये विध्वंस केला, ती याच भूमीत होती. पुढे हाच मुलूख रोमचा प्रांत होऊन राजधानीला धान्य पुरवू लागला. तेथील एल् जेम गावात तिसऱ्या शतकातील एक रोमन रंगभूमी अद्याप उभी आहे. तिच्या दगडी पायऱ्यांवर सुमारे ३५,००० माणसे बसत. त्याच देशात, तोझूर शहराजवळच्या वाळवंटात, चित्रपटासाठी लाकूड, जाळी आणि गिलावा यांनी उभारलेले एक खोटे गाव आहे. आकाशगंगेतील प्रजासत्ताकाच्या सीमेवरचे ते गाव पाहावयास देशोदेशींचे प्रवासी जातात. वाऱ्याबरोबर पुढे सरकणारी एक वाळूची टेकडी त्या घरांपर्यंत येऊन पोहोचली आहे, असे शास्त्रज्ञांना २०१३ मध्ये आढळले.